पदरचे चार पैसे आणि एक संगणक

दिवाळी जवळ आली की पुण्याहून यवतमाळकडे येणाऱ्या खाजगी बसगाड्यांचे भाडे आकाशाला भिडते, आणि तरीही त्यांत जागा मिळत नाही. या गाड्यांतून पहाटे जी मुले डोळे चोळीत उतरतात ती बहुतेक आमचीच असतात. दारव्ह्याची, दिग्रसची, पुसदची, वणीची, पांढरकवड्याची. पाठीवर काळी पिशवी, पिशवीत संगणक, आणि हिंजवडीच्या किंवा खराडीच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी. चार दिवस आईच्या हातचे अनारसे खाऊन ती परत जातात. यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय यांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. 'बाहेर पडतात' हा शब्दप्रयोग इतर ठिकाणी अलंकारिक असेल. आमच्या जिल्ह्यात तो अक्षरशः खरा आहे.

एकेकाळी येथला कापूसही असाच बाहेर पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज कंपनीने यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी घातली. तिला पुढे लोक लाडाने 'शकुंतला' म्हणू लागले. पण ती घातली गेली ती माणसांच्या सोयीसाठी नव्हे, कापसाच्या गाठी मुंबईच्या गोदीत आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांत सुखरूप पोहोचाव्यात म्हणून. पिकवायचे आम्ही आणि भाव ठरवायचा दुसऱ्याने, ही रीत तेव्हापासूनची. आता कापसाच्या जोडीला मुलांची बुद्धीही त्याच वाटेने जाते. तिचा भाव ठरवणाराही दूरच बसलेला असतो.

मी मराठी शिकवते. संगणकाशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. तरीही गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांच्या आया माझ्याकडे एक नवीन गाऱ्हाणे घेऊन येऊ लागल्या आहेत. "म्याडम, आमचा पोरगा म्हणते का मी नोकरी करत नाही. इथंच बसून एकट्यानं सॉफ्टवेअरचा धंदा करतो म्हणते. त्याले जरा समजावून सांगा जी." समजावून सांगायचे म्हणजे काय सांगायचे, हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा असा धंदा कुणी केला आहे काय, केला तर कसा, आणि घरच्यांनी त्या काळात काय खाल्ले, याची मी जमेल तशी चौकशी केली. तिचा वृत्तांत येथे देत आहे.

प्रथम शब्दांविषयी. या धंद्यात दोन प्रकारची माणसे असतात. पहिला प्रकार आपल्याला वर्तमानपत्रांतून परिचित आहे: कल्पना सुचली की ती घेऊन मुंबई-बंगळूरच्या भांडवलदाराकडे जायचे, त्याच्याकडून कोट्यवधी रुपये घ्यायचे आणि मोबदल्यात कंपनीचा हिस्सा द्यायचा. दुसरा प्रकार मुकाट्याने काम करतो. तो कुणाकडे मागत नाही. पदरचे जे चार पैसे असतील ते घालतो आणि पुढची प्रत्येक पायरी गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशातून बांधतो. इंग्रज लोक त्याला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. म्हणजे स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलणे. बुटापेक्षा आपल्याला पदर जवळचा. आपण त्याला पदरमोड म्हणू.

आमच्या जिल्ह्यात हा भेद कुणालाही चटकन कळावा. कर्ज काढून पेरायचे, पाऊस कुणाच्या हाती नाही, बोंडअळी कुणाच्या हाती नाही, भाव कुणाच्या हाती नाही, आणि हप्त्याची तारीख मात्र ठरलेली, हे येथे घरोघरी माहीत आहे. त्याचे जे भीषण परिणाम झाले त्यांमुळे यवतमाळचे नाव साऱ्या देशाला ऐकू गेले. म्हणूनच एखादा मुलगा जेव्हा म्हणतो की मी कर्ज न काढता, स्वतःच्या मालाचा भाव स्वतः ठरवून धंदा करीन, तेव्हा त्याला वेड्यात काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे जरा ऐकून घ्यावे असे मला वाटते.

मराठी माणसाने असा धंदा केल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पुण्याचे आहे, आणि त्याची सुरुवात संगणकाने नव्हे तर कॅल्क्युलेटरने झाली. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, वाढले पुण्यात. दहावीनंतर शिक्षण सुटले. १९८५ साली कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात त्यांना दरमहा ४०० रुपयांची नोकरी लागली. तेथे हाताला वळण लागले. रेडिओ, कॅल्क्युलेटर, हिशेबाची यंत्रे, जे समोर येईल ते उघडायचे आणि चालू करून द्यायचे. पाचसहा वर्षांनी, १५,००० रुपयांच्या तुटपुंज्या भांडवलावर, त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. दुकान कसले, एक खोली!

पुढे बँका आणि कचेऱ्या यांत संगणक दिसू लागले. कॅल्क्युलेटर आज ना उद्या मागे पडणार हे ज्या दुरुस्ती करणाऱ्याला वेळीच उमगले त्यांपैकी काटकर एक. त्यांनी पुस्तके वाचून आणि यंत्रे उघडून संगणकाची दुरुस्ती शिकून घेतली आणि धाकट्या भावाला, संजयला, संगणकशास्त्राकडे वळवले. थोरल्याने दुकान चालवायचे आणि धाकट्याने मॉडर्न कॉलेजात शिकायचे, अशी वाटणी झाली. आपल्याकडे असंख्य घरांत अशी वाटणी होते. फक्त बहुतेक घरांत धाकटा शिकून नोकरीला लागतो आणि थोरला दुकानातच राहतो. येथे दोघे पुन्हा एका खोलीत आले.

आता मुख्य गोष्ट. दुरुस्तीला येणारे संगणक पुष्कळदा बिघडलेले नसतच. त्यांना 'व्हायरस' लागलेला असे. त्या काळी फ्लॉपी नावाच्या चपट्या तबकड्यांवरून माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात जाई, आणि तिच्याबरोबर हा रोगही जाई. १९९२ साली 'मायकेलअँजेलो' नावाच्या व्हायरसाने जगभर घबराट उडवली होती. हा वर्षभर गप्प बसे आणि ६ मार्चला, त्या थोर चित्रकाराच्या जन्मदिवशी, यंत्रातील माहिती पुसून टाकी. शिकत असलेल्या धाकट्या भावाने अशा एकेका रोगावर उतारा म्हणून छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. प्रारंभी ते विकण्यासाठी नव्हतेच. दुरुस्तीचे काम लवकर उरकावे एवढाच हेतू होता. गिऱ्हाईक मात्र परत येऊन विचारू लागले, की तो परवाचा उतारा पुन्हा मिळेल काय?

हा प्रश्न माझ्या मते साऱ्या कहाणीचा गाभा आहे. कुणी टेबलाशी बसून 'बाजारात कशाला मागणी आहे' याचे अनुमान बांधले नव्हते. मागणी स्वतः चालत दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. ती ओळखायला फक्त तेथे उभे असावे लागत होते. १९९५ साली हे सारे उतारे एकत्र करून 'क्विक हील' नावाने बाजारात आले. 'लवकर बरे करणारे' असे औषधासारखे नाव! दुरुस्तीच्या दुकानाने सॉफ्टवेअरला पोसले. संजयच्या वेळेचा पगार दुरुस्तीच्या बिलांतून निघत होता आणि त्यासाठी कुणाही भांडवलदाराच्या दारी जावे लागले नाही.

असे वाटेल की पुढे सारे सुरळीत झाले. तसे झाले नाही. परदेशी कंपन्यांची नावे मोठी. त्यांच्यापुढे मंगळवार पेठेतले औषध घ्यायला मोठी गिऱ्हाइके कचरत. चांगले अभियंते एवढ्याशा कंपनीत यायला तयार नसत. २००२ च्या सुमारास तर गाडे इतके रुतले की धंदा बंद करावा की काय अशा विचारापर्यंत काटकर बंधू आले होते. तरले ते कशामुळे? माल अधिक चांगला झाला म्हणून नव्हे. तो आधीच चांगला होता. त्यांनी विक्रीकडे लक्ष दिले. २००३ साली पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशकात उघडली आणि गावोगावच्या संगणक विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांना हाताशी धरले. स्वतः त्याच जातीचे दुकानदार असल्यामुळे, या माणसाला किती कमिशन दिले म्हणजे तो आपले खोके पुढच्या फळीवर मांडील, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. २०१० साली सिकोया या गुंतवणूक कंपनीने ६० कोटी रुपये घातले. म्हणजे बाहेरचा पहिला मोठा पैसा आला तो पंधरा वर्षांनी, आणि तो आला तेव्हा गरज देणाऱ्याला अधिक होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात आले.

ही कहाणी ऐकली की मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवतो. लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर कोणी घेईना. नांगर करणे सोपे गेले. तो खपवणे कठीण गेले. सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलांची नेमकी येथेच गल्लत होते. रात्र रात्र जागून प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांना पराक्रम वाटतो, आणि सकाळी उठून चार दुकानांच्या पायऱ्या चढायची लाज वाटते.

काटकरांचे उदाहरण दोघा भावांचे आहे, एकट्याचे नव्हे, हे खरे. आपल्या दुकानादुकानांतून दिसणाऱ्या 'टॅली'चीही गोष्ट अशीच घरातली आहे. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना व गिरण्यांना माल पुरवण्याचा धंदा होता. हिशेबासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा १९८६ साली त्यांनी गणित शिकलेल्या मुलालाच, भरतला, ते लिहायला लावले. पहिले गिऱ्हाईक म्हणजे जन्मदाता बाप. यापेक्षा कठोर परीक्षक कोण मिळणार? प्रत्येक खात्याला सांकेतिक आकडा देण्याची त्या वेळची रीत मोडून 'टॅली'ने दुकानदाराला खात्याचे नाव सरळ लिहू दिले, आणि हिंदुस्थानातला व्यापारी खूश झाला.

परंतु अगदी एकट्याने केलेलीही उदाहरणे आहेत. कॅनडातील व्हँकुव्हर शहरी मार्कस फ्रिंड नावाच्या तरुणाने २००३ साली आपल्या राहत्या घरात बसून इंटरनेटवर एक परिचयकेंद्र सुरू केले. आपल्याकडचे वधूवरसूचक मंडळ जरा मोकळ्या वळणाचे असते तर जसे झाले असते तसे. त्याचा मूळ हेतू नवीन संगणकभाषा शिकून बरी नोकरी मिळवावी एवढाच होता. जाहिरातींचे उत्पन्न येऊ लागले, लाखो लोक येऊ लागले, तरी कित्येक वर्षे कंपनीत माणूस एकच. २०१५ साली त्याने ती ५७.५ कोटी डॉलरना विकली.

दुसरे उदाहरण मला अधिक हृद्य वाटते. अमेरिकेत सिअ‍ॅटलकडच्या एरिक बारोनला २०११ साली पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. त्याने संगणकावर खेळायचा एक खेळ रचायला घेतला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, गोष्ट त्याची, प्रोग्रॅमही त्याचाच. असा साडेचार वर्षे तो काम करीत राहिला. संध्याकाळी नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करी, आणि घरखर्चाचा मोठा भार त्याच्या सहचरीने उचलला होता. २०१६ च्या फेब्रुवारीत 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ आला आणि दोन महिन्यांत त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. खेळ कशाचा, तर शेतीचा! शहरातली नोकरी सोडून माणूस आजोबांच्या शेतावर येतो आणि भाजीपाला पिकवतो. त्या खेळातल्या शेतकऱ्याने पीक पेटीत टाकले की रातोरात ठरलेल्या भावाने पैसे मिळतात. ना अडत्या, ना व्यापाऱ्यांची चाळवाचाळव. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा खेळ दाखवला तर तो याला परीकथा म्हणेल.

या दोन कहाण्या ऐकून मुले हुरळतात, आणि आया घाबरतात. दोघांनीही जरा थांबावे. फ्रिंड आणि बारोन यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत ती ते यशस्वी झाले म्हणून. ज्यांची साडेचार वर्षे पाण्यात गेली त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. म्हणून मला लाखोंच्या खपापेक्षा दीडदोनशे गिऱ्हाइकांचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. तो येथल्याच मातीत मांडून पाहू.

समजा, दारव्ह्याच्या एका मुलाने कृषी केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचे ठरवले. कृषी केंद्र म्हणजे बी-बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे दुकान. तालुक्याच्या गावी अशी दुकाने ओळीने असतात. मृग लागण्याच्या सुमारास तेथे जी गर्दी उसळते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना दुकानदाराची तारांबळ सांगायला नको. बियाण्याच्या प्रत्येक पिशवीचा लॉट नंबर लिहायचा, औषधाच्या बाटलीची मुदत पाहायची, साठ्याची नोंदवही तपासनिसासाठी तयार ठेवायची. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर कोणते औषध कोणाला दिले याच्या नोंदीकडे पूर्वीसारखी डोळेझाक करता येत नाही. आणि सर्वांवर ताण म्हणजे उधारी. जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे कापूस विकल्यावर येणार. एकाच गावात एकाच नावाचे तीन शेतकरी. ते वडिलांच्या नावावरून ओळखायचे, वडिलांचे नावही सारखे निघाले तर वाड्यावरून.

अशा दुकानासाठी सॉफ्टवेअर बाजारात नाही असे नाही. टॅलीतही लॉट आणि मुदत लिहिण्याची सोय आहे. पण गाववार, हंगामवार, बापाच्या नावासकट उधारीची यादी एका दमात काढून देणारे, आणि अडले तर वऱ्हाडीत समजावून सांगणारा माणूस सोबत देणारे सॉफ्टवेअर दुकानदाराला हवे असेल. आधीच कुणी ते विकत आहे याने मुलाने खचू नये. दुकानदार अशा गोष्टीला पैसे मोजतो एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

आता पैशाचे गणित. वर्षाची वर्गणी ४,००० रुपये ठेवली, आणि मुलाने महिन्याला पाच याप्रमाणे वर्षाला ६० नवी दुकाने मिळवली असे धरू. या साप्ताहिकाच्या वर्गणीसारखीच ही वर्गणी. दरवर्षी नव्याने द्यायची. काही दुकानदार देणार नाहीत. समजा, दरसाल शंभरातले २५ सोडून गेले. पाच वर्षांनी हाती सुमारे १८३ दुकाने राहतात. आणि शंभरातले १०च सोडून गेले तर? सुमारे २४६. फरक आहे, पण डोळे दिपावेत असा नाही. खरा चमत्कार पुढे आहे. पहिल्या मुलाने जन्मभर वर्षाला ६० दुकाने मिळवली तरी त्याची संख्या २४०च्या वर कधीच जाणार नाही, कारण २४०चा चौथा हिस्सा ६०. जितके येतात तितकेच जातात. दुसऱ्याची मर्यादा मात्र ६०० आहे. पहिल्याची उलाढाल ९ लाख ६० हजारांवर अडते, दुसऱ्याची २४ लाखांपर्यंत चढू शकते. दोघांची धावपळ तीच, माल जवळजवळ तोच. एकाचा रांजण अधिक गळका, एवढेच. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाचा फोन पहिल्या घंटेला उचलणे हे नवीन गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा मोलाचे. आमच्या मुलांना नवीन काही करण्याची हौस फार. रांजणाला लिंपण घालण्याचा कंटाळा.

या उत्पन्नातून काय वजा होते? संगणक आणि इंटरनेट यांचा खर्च, तालुक्यातालुक्यांत फिरण्याचे पेट्रोल, आणि माहिती साठवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या दूरच्या यंत्राचे भाडे. मोबाईलवरच्या अ‍ॅपमार्फत विक्री केली तर तेथेही अडत आहेच. गूगलने २०२१ साली लहान विक्रेत्यांसाठी ती ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली. १५ टक्के अडत ऐकून आमचे कापूसवाले तोंडात बोट घालतील. सुदैवाने कृषी केंद्राचा मालक समोर बसलेला असतो, आणि २०१६ पासून यूपीआय आल्यामुळे ४,००० रुपये त्याच्या खात्यातून मुलाच्या खात्यात दलालाशिवाय येतात. उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. तो दिवस उजाडला तर पेढे वाटायला हरकत नाही.

पहिल्या दोन वर्षांत मात्र पेढ्यांचे नाव नको. पहिल्या वर्षअखेरीस ६० दुकाने म्हणजे २ लाख ४० हजार, आणि तेही वर्षभर थोडे थोडे आलेले. पुण्याच्या नोकरीत तो याहून अधिक मिळवील. म्हणूनच काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानाचे महत्त्व. मुलाने हातची मिळकत एकदम सोडू नये. सकाळी एमएस-सीआयटीचे वर्ग घ्यावेत, कुणाचे हिशेब लिहावेत, संगणक दुरुस्त करावेत, आणि उरलेला वेळ आपल्या मालाला द्यावा. ज्यांच्या घरी नागपूरचे 'उद्यम' मासिक येत असे त्यांना साबणाच्या, शाईच्या आणि मेणबत्त्यांच्या कृती आठवत असतील. ते धंदेही नोकरी सांभाळून, माजघराच्या कोपऱ्यात सुरू करायचे असत. कोपरा तोच आहे. साबणाचे पातेले जाऊन तेथे संगणक आला आहे.

एकट्याच्या धंद्याला आपल्या भाषेत नेमके नाव आहे: एकखांबी तंबू. मुलगा तापाने फणफणला तर फोन कोण घेणार? ऐन जूनमध्ये मामेबहिणीचे लग्न निघाले आणि तिकडे वीस दुकानांत बिले छापली जाईनात, तर? त्याच्या यंत्रात २०० दुकानांची उधारी आहे. ती पुसली गेली तर २०० माणसांचे पैसे बुडतील. नोकरीत चूक झाली तर साहेब रागावतो, येथे गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्यामुळे रोज रात्री साऱ्या माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, कुलूपकिल्ल्यांचे शब्द घरातल्या एका विश्वासू माणसाला बंद पाकिटात देणे, आणि दुकानदाराला त्याची उधारीची यादी हवी तेव्हा छापून घेता येईल अशी सोय ठेवणे, ही कामे प्रोग्रॅम लिहिण्याइतकीच महत्त्वाची समजावीत. आणि तंबू जन्मभर एकखांबी राहीलच असे नाही. फ्रिंडनेही २००८ साली माणसे नेमायला सुरुवात केली.

राहता राहिला गावाचा प्रश्न. यवतमाळला बसून हे होईल काय? वर्ध्याहून येणारी रुंद रुळांची रेल्वे २०२४ साली कळंबपर्यंत पोहोचली. कापसाच्या गाठींना तिचा उपयोग होईल, सॉफ्टवेअरला तिची वाट पाहण्याचे कारण नाही. श्रीधर वेंबू यांनी १९९६ साली स्थापलेल्या आणि आज 'झोहो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने बाहेरच्या भांडवलदाराचा पैसा घेतला नाही, आणि २०११ साली तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या आडगावाकडे कचेरी काढली. पुढे वेंबू स्वतः त्या भागातल्या खेड्यात राहायला गेले. अर्थात तेनकाशीला जाताना त्यांच्यामागे पंधरा वर्षांची चालती कंपनी होती. आमच्या मुलाजवळ ती नाही. पण त्याच्याजवळ जे आहे ते वेंबूंजवळ नाही. आर्णीच्या दुकानदाराचा मेहुणा त्याच्या वर्गात होता!

शहरातून परत आलेल्या मुलाकडे गाव संशयाने पाहते. "कंपनीनं काढलं काय?" हा प्रश्न किराणा दुकानापासून सुरू होतो आणि लग्नाच्या बाजारात शिगेला पोहोचतो. स्थळ सांगून आले की 'मुलगा काय करतो' याचे उत्तर एका शब्दात द्यावे लागते, आणि 'स्वतःचे सॉफ्टवेअर' हे उत्तर अजून आपल्याकडे उत्तर समजले जात नाही. माझ्या पाहण्यात आयांची खरी भीती पैशाची नसते, ती हीच असते. उलट मुलींच्या बाबतीत मला या धंद्याचे एक विशेष वाटते, आणि त्याकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. शिवणाचा क्लास असो, पाळणाघर असो, लग्न होऊन गाव सुटले की मुलीचा धंदा माहेरीच राहतो. घाटंजीच्या मुलीने जुळवलेली २०० गिऱ्हाइके तिच्याबरोबर पिशवीतून सासरी जातील, आणि फोन उचलणारी कोणत्या गावी बसली आहे हे दुकानदार विचारणार नाही.

तर विचारायला येणाऱ्या आयांना मी आता दोनच प्रश्न उलट विचारते. मुलाचे पहिले गिऱ्हाईक कोण, त्याचे नाव सांगा. 'सगळे दुकानदार' हे नाव नव्हे. आणि दुसरा, घरातून किती रुपये आणि किती महिने द्यायचे, ते तुम्ही दोघांनी मिळून कागदावर लिहिले आहे काय? शेत गहाण टाकून हा धंदा करायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. तशी वेळ आली तर तो पदरमोडीचा धंदा राहिला नाही. तो पुन्हा कापूसच झाला.

आणि मुलगा पहिल्या दुकानाची पायरी चढणार असेल तर त्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये चढावी. तेव्हा कापूस विकलेला असतो, उधारी थोडीफार वसूल झालेली असते, दुपारी गिऱ्हाईक नसते आणि दुकानदार चहा मागवतो. जूनमध्ये गेला तर तो त्याला बसायलाही सांगणार नाही.